सुटकेच्या रात्री चांदणं नव्हतं: शिवकालीन कादंबरी लिहिताना या चुका टाळा

शिवकालावर लिहिणाऱ्या नवोदितांना तलवारीपेक्षा चंद्र जास्त फसवतो. आग्र्याहून सुटकेचं प्रकरण घ्या. तारीख १७ ऑगस्ट १६६६. ती मोबाइलच्या पंचांगात टाकली की उत्तर येतं, पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेत. झालं! टिपूर चांदणं, चमचमती यमुना, घोड्यांच्या लांब सावल्या, चार पानं भरतात. चारही रद्दीत.

आपल्या पुस्तकांत शिवकालाच्या तारखा बहुधा जुन्या, म्हणजे ज्यूलियन पद्धतीच्या असतात. बहुतेक ॲप मात्र १५८२ नंतरची तारीख नव्या, म्हणजे ग्रेगोरियन पद्धतीची धरतात. त्या शतकात दोन्हींत १० दिवसांचं अंतर. खरी तिथी श्रावण वद्य १२. चंद्राची कोर उगवली ती पहाटे तीनच्याही पुढे. म्हणजे रात्र जवळपास सगळी अंधारी, आणि पळून जाणाऱ्याला अंधारच हवा असतो.

म्हणून आधी तिथी शोधा, चंद्र तिच्यावरून काढा. पौर्णिमेला तो सूर्यास्ताला उगवतो, पुढे रोज साधारण दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं उशिरा; वद्य अष्टमीला मध्यरात्री. शिवाय वार पडताळा. त्या दिवशी शुक्रवार होता. ॲप मंगळवार दाखवत असेल तर १० दिवस कुठे गेले ते कळलंच. उत्तरेतल्या पत्रांत हीच तिथी भाद्रपद वद्य १२ दिसेल, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. गोव्याच्या पोर्तुगीज पत्रांत नवी तारीख, सुरतेच्या इंग्रजांकडे १७५२ पर्यंत जुनी. एकाच लढाईच्या दोन लढाया करणारे इथेच सापडतात. शकात सरसकट ७८ मिळवू नका. १ जानेवारी उलटून गेल्यावरच्या तिथीला ७९ लागतात: फाल्गुन वद्य ३, शके १५५१ म्हणजे १६३०, १६२९ नव्हे.

हे सगळं वहीत चार रकान्यांत मांडावं: तिथी-शक, जुनी तारीख, नवी तारीख, चंद्रोदय. प्रसंग लिहायच्या आधी. नंतर करू म्हणणारे करत नाहीत.

दुसरी चीड आणणारी चूक भाषेची. १६५५ सालच्या दरबारात ‘अमात्य’ आणि ‘सचिव’ बसवले जातात. तेव्हा मुजुमदार, सुरनीस, डबीर, सरनौबत होते. अमात्य, सचिव, सुमंत, सेनापती ही नावं रुळली राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४ मध्ये, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश त्यानंतरचा. त्याआधीच्या पात्रांच्या तोंडून फारसी शब्द निपटून काढले की संवाद संस्कृत नाटकासारखे वाजतात. हुकूम, फौज, किल्ला, हवालदार, सबनीस राहू द्या. आणि ‘पाच मिनिटांत’ कुणी येत नाही. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं.

यादवकाळात मिरचीचा ठेचा नको. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली. शिवकाळातल्या रस्स्यात बटाटा-टोमॅटोही नको.

घोडा रात्रभर चौखूर उधळत नाही. काही किलोमीटरांत त्याचा दम निघतो. मग दुडकी, मग चाल, मग पाणी.

तोड्याची बंदूक एकामागून एक बार काढत नाही. दारू, गोळी, गज, रंजक, पेटता तोडा, एवढं झाल्यावर एक बार. भर पावसात तर तोडाच विझतो. पावनखिंडीचा प्रसंग जुलैतला आहे, विसरू नका.

वाचकांचीही एक खोड आहे. कादंबरीतला संवाद कापून महाराजांचं वचन म्हणून पुढे पाठवतात. तो संवाद लेखकाचा असतो, पत्रातला नव्हे. बखरीही एका तराजूत तोलू नयेत. सभासद महाराजांच्या काळातला माणूस, त्याची बखर १६९४ च्या सुमाराची. चिटणिसांची १८१० च्या आसपासची. मधे शंभरावर वर्षं गेली. एखादा प्रसंग फक्त दुसरीतच सापडला, तर समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा आणि मगच पान उलटा.