अंड्यांचे ट्रे नकोत, रॉकवूल लावा

घरच्या स्टुडिओत भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून काहीच साधत नाही. शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज त्याने थांबत नाही, आणि खोलीत घुमणारा बेसही (खालचे स्वर) तसाच राहतो. वर आगीचा धोका.

त्यापेक्षा ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचं, ५० मिमी जाड रॉकवूल (दगडापासून बनवलेल्या तंतूंची गादी) घ्या. ४ बाय २ फुटांची लाकडी चौकट करून त्यात बसवा, वरून सुती कापड ताणून स्टेपल करा. कापडातून फुंकर आरपार गेली पाहिजे. रेक्झिन लावलंत तर वरचे सूर परत उलटतील. कापताना हातमोजे आणि मास्क हवेतच, तंतू फार खाजतात.

पॅनल भिंतीला चिकटवू नका, मागे दोन इंच पोकळी ठेवा. खालच्या स्वरांवरचा परिणाम तिथेच वाढतो. पॅनलची जागा शोधायला तुम्ही ऐकण्याच्या जागी बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथे पॅनल. छतालाही हेच. उरलेलं रॉकवूल दुप्पट जाडीने कोपऱ्यांत उभं करा.

पॅनल खोलीतल्या घुमण्यासाठी आहेत. ड्रमचा आवाज बाहेर जाऊ नये असं वाटत असेल, तर आधी दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा.