युद्धात मारल्या गेलेल्या गुलामगिरीविरोधकाचे चरित्र कसे लिहावे : सायलस सोल यांचे उदाहरण

युद्धाच्या धामधुमीत मारल्या गेलेल्या माणसाचे चरित्र लिहिताना पहिली अडचण अशी येते, की त्याच्या मृत्यूपुढे आधीचे सारे आयुष्य निव्वळ पूर्वतयारीसारखे भासू लागते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील गुलामगिरीविरोधक लष्करी अधिकारी आणि अवघे २६ वर्षे जगलेल्या कॅप्टन सायलस सोल यांच्या बाबतीत हा धोका अधिकच आहे. म्हणून लेखनास बसण्यापूर्वी वहीत दोन रकाने आखावेत : एकात घटना घडल्याची तारीख लिहावी आणि दुसऱ्यात ती कागदावर उतरल्याची. या दोहोंतील अंतर जितके मोठे, तितका मजकूर जपून वापरावा.

सोल यांचा जन्म १८३८ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातील बाथ येथे झाला. कॅन्सासमध्ये गुलामगिरी असावी की नसावी, हे १८५४ च्या कायद्याने तेथील वसाहतकारांच्या मतांवर सोपवले आणि ते पारडे आपल्या बाजूस झुकवण्यासाठी न्यू इंग्लंडमधून, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांतून, जी गुलामगिरीविरोधी कुटुंबे कॅन्सासच्या लॉरेन्स परिसरात येऊन राहिली, त्यांत सोल कुटुंब होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला असल्याने मराठी वाचकाला ही चळवळ अनोळखी नाही. कॅन्सासचा झगडा मात्र त्याला नीट समजावून सांगावा लागतो. तेथे जमीन कोणाची होती, हेही सांगावे. लॉरेन्स ज्या भूमीवर वसले ती शॉनी या मूळनिवासी लोकांनी १८५४ च्याच करारात सोडलेली होती. पळून आलेल्या गुलामांना घरात आसरा देणारी माणसे मूळनिवासींच्या जमिनीवर राहत होती, ही विसंगती चरित्रकाराने झाकू नये. मिसूरीतील सेंट जोसेफच्या तुरुंगातून जुलै १८५९ मध्ये, गुलामांना पळून जाण्यास मदत केल्याबद्दल कैदेत असलेल्या डॉ. जॉन डॉय यांना सोडवणाऱ्या टोळीत सोल होते. तो प्रसंग साहसकथेसारखा रंगतो, म्हणूनच त्याला माफक जागा द्यावी, असे माझे मत आहे.

खरी जागा सँड क्रीकला द्यावी. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कर्नल जॉन चिव्हिंग्टन यांच्या सुमारे ६७५ सैनिकांनी कोलोरॅडोमधील सँड क्रीक येथे शायेन व अरापाहो या मूळनिवासी लोकांच्या छावणीवर हल्ला केला. लष्कराच्या आश्वासनावर विसंबून राहिलेल्या या छावणीतील सुमारे २३० माणसे मारली गेली आणि त्यांत स्त्रिया, मुले व वृद्धच अधिक होते. चिव्हिंग्टन यांच्याच सैन्यात असलेल्या सोल यांनी आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. मेजर एडवर्ड विनकूप यांना त्यांनी लिहिलेले पत्र १४ डिसेंबरचे, म्हणजे पंधरा दिवसांनंतरचे आहे. या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या डेन्व्हर येथील लष्करी आयोगापुढील सोल यांची साक्ष फेब्रुवारी १८६५ ची आहे. पत्र ओळखीच्या अधिकाऱ्याला मोकळेपणाने लिहिलेले आहे, तर साक्ष शपथेवरची असून तिची उलटतपासणी खुद्द चिव्हिंग्टन यांनी केली आहे. त्यामुळे दोन्ही समोरासमोर ठेवून वाचावीत. एकात आहे पण दुसऱ्यात नाही, असे जे सापडेल त्याची स्वतंत्र नोंद करावी. पत्राची प्रत २००० साली पुन्हा उजेडात आली, हे ध्यानात ठेवले की त्यापूर्वीच्या लेखनात काय सापडणार नाही, हेही कळते.

मृत्यूची हकीकत थोडक्यात लिहावी. २३ एप्रिल १८६५ च्या रात्री डेन्व्हरमध्ये लष्करी बंदोबस्ताचे प्रमुख या नात्याने सोल गोळीबाराच्या आवाजाच्या दिशेने गेले आणि चार्ल्स स्क्वायर या सैनिकाने त्यांना गोळी घातली. त्यांच्या लग्नाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. स्क्वायर न्यू मेक्सिकोत पकडला गेला, डेन्व्हरला आणला गेला आणि निसटला. त्याच्यावर खटला कधीच चालला नाही. साक्षीचा सूड म्हणून ही हत्या झाली असावी, हा संशय रास्त आहे, परंतु न्यायालयात तो कधी तपासला गेलेला नाही. तेव्हा येथे ‘साक्षीमुळे’ असे न लिहिता ‘साक्षीनंतर’ असेच लिहावे.