तिशीत लिपिड रिपोर्ट कसा वाचायचा

टोटल कोलेस्टेरॉल २०० च्या आत आलं की आपण रिपोर्ट घडी घालून कपाटात टाकतो, मीही तेच करायचो, पण धमन्यांत चरबी साचायला विशी-तिशीतच सुरुवात होऊ शकते आणि त्या एका आकड्यावरून ते कळेलच असं नाही.

समजा टोटल १९८, एचडीएल (म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २४०. लॅबवाले बरेचदा एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, थेट मोजतच नाहीत, हिशोबाने काढतात: १९८ मधून ३४ वजा, मग २४० चा पाचवा भाग म्हणजे ४८ वजा, उरले ११६. ठीकच दिसतंय की! आता टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा, १६४ येतं. हे नॉन-एचडीएल, धमनीच्या भिंतीत शिरू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल यात आलं आणि ते साधारण १३० च्या आत हवं. वेगळे पैसे नाहीत, नुसती वजाबाकी.

असं गडबडीचं चित्र दिसलं, किंवा शुगर, पोट सुटणं वगैरे असेल, तर अपो-बी या प्रोटीनची टेस्ट करून घ्या. धमनीत शिरू शकणारं कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या प्रत्येक कणावर अपो-बी एकच असतं, म्हणजे माल किती ते न बघता ट्रक किती ते मोजायचं. १३० किंवा वर म्हणजे जास्त.

लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, त्याची टेस्ट आयुष्यात एकदा तरी कराच, ते जवळपास पूर्ण आनुवंशिक असतं, डाएटने फारसं हलत नाही. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा लिटरला १२५ नॅनोमोलच्या वर असेल तर धोका जास्त, फक्त आधी युनिट बघा, नाहीतर उगाच घाबराल.

एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी टेस्ट, सर्दी-ताप किंवा हिरड्या सुजलेल्या असताना करू नका. १ च्या आत छान, ३ च्या वर जास्त, १० च्या वर आलं तर बहुतेक इन्फेक्शन वगैरे असतं, बरं झाल्यावर दोनेक आठवड्यांनी परत करा. साधी सीआरपी वेगळी हं, चिठ्ठीवर एचएस लिहिलंय का बघा.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, ५.७ ते ६.४ असेल तर प्रीडायबिटीस. होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) पॅकेजात फुकट मिळालं तरी मी त्यावर जीव टाकणार नाही, व्हिटॅमिनने ते खाली येतं पण हार्ट अटॅक त्याने कमी झालेले दिसले नाहीत.

आणि एलडीएल १९० च्या वर असेल तर थांबू नका, थेट डॉक्टरकडे. हे घराण्यातून आलेलं असू शकतं, म्हणून सख्ख्या भावंडांची आणि मुलांचीही टेस्ट करायची का ते तिथेच विचारून घ्या.