पाम स्प्रिंग्जला दोघांनीच दोन दिवस जायचं असेल तर प्लॅन असा करा

लॉस एंजेलिसपासून साधारण १७० किमीवर, वाळवंटात, सॅन जॅसिंटो डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. पन्नास-साठच्या दशकातली घरं, मोटेलं, निऑन पाट्या अजून जपलेल्या आहेत. इथे दोघांनी जायचं ते निवांत राहायला, त्यामुळे दिवसाला एकच मोठी गोष्ट ठरवा, बाकी वेळ पूलपाशी.

आधी महिना ठरवा. नोव्हेंबर ते एप्रिल उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज ४३ अंशांच्या वर जातो, हॉटेलं स्वस्त मिळतात खरी पण दुपारभर खोलीतच बसावं लागतं. फेब्रुवारीत मॉडर्निझम वीक, म्हणजे इथल्या त्या काळच्या आधुनिक घरांचा उत्सव, असतो, घरं आतून बघायची असतील तर तेव्हाच जा, फक्त बुकिंग खूप आधी करा. जमलं तर रविवार ते मंगळवार असं जा, शुक्रवारी दुपारनंतर आय-टेन हायवेवर ट्रॅफिकमध्येच जीव जातो आणि वीकेंडला भाडंही जास्त.

मग हॉटेल. मोठ्या चेनपेक्षा मधे पूल आणि भोवती दहा-वीस खोल्या असलेलं जुनं छोटं हॉटेल घ्या, माझ्या मते निम्मी मजा तिथेच आहे. बरीचशी फक्त मोठ्यांसाठी असतात, त्यामुळे शांतता असते. रिसॉर्ट फी वेगळी लावतात का ते बुक करतानाच बघा.

जाताना पवनचक्क्यांची रांग लागली की गाव जवळ आलं समजायचं. हायवे १११ वरून गावात शिरताना आर्किटेक्ट अल्बर्ट फ्रेचा १९६५चा पेट्रोल पंप दिसेल, ते पंखासारखं टोकदार छप्पर लांबूनच ओळखू येतं, आता तिथे व्हिजिटर सेंटर आहे, नकाशा तिथूनच घ्या.

घरं बघायला सकाळी लवकर निघा, शक्यतो सायकलने. सूर्य समोरून डोंगरावर पडतो आणि सगळा डोंगर गुलाबी होतो, त्या उजेडात ती बसकी, सपाट छपरांची, मोठाल्या काचांची घरं इतकी सुंदर दिसतात की दोघंही आपोआप गप्प होतात. आर्किटेक्ट रिचर्ड नॉयट्राचं १९४६चं कॉफमन हाउस आणि गायक फ्रँक सिनात्राचं १९४७चं ट्विन पाम्स नक्की बघा, पण ही खाजगी घरं आहेत, रस्त्यावरूनच बघायची, आत डोकवायचं नाही.

एक लक्षात ठेवा, डोंगर पश्चिमेला असल्यामुळे हिवाळ्यात ऊन दुपारीच लवकर जातं, तेव्हा पूलचा वेळ अकरा ते तीन ठेवा.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर नेणारी ट्राम (केबल कार) किंवा इंडियन कॅन्यन्स या डोंगरातल्या घळी, दोन्हींपैकी एकच. ट्राम १९६३ पासून चालू आहे, फिरत्या केबिनमधून साधारण दहा मिनिटांत ८,५१६ फुटांवर नेते आणि वर कडाक्याची थंडी असते, जॅकेट हवंच. मला विचाराल तर कॅन्यन. ती जमीन आग्वा कॅलिएंते काहुइया या मूळ रहिवाशांची आहे, ते तिकीट घेतात आणि जागा मनापासून सांभाळतात. पाम कॅन्यनमध्ये झऱ्याकाठी शेकडो जंगली ताडं आहेत, त्यांच्या सावलीत हात धरून चालायला फार छान वाटतं. पाणी भरपूर न्या, उन्हाळ्यात कॅन्यन रोज उघडी नसते ते आधी तपासा.

परतायच्या आधी खजुराचा शेक प्या, खजूर याच खोऱ्यात पिकतो. चांगलाच गोड आणि घट्ट असतो, दोघांत एकच घ्या, आणि घरी न्यायला मेजूल खजुराचा डबाही.