कुत्र्याला किंवा मांजराला रक्त लागलं तर काय करायचं, पुणेकरांसाठी

पावसाळा आला की पुण्यातल्या पेट ग्रुप्सवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो, "अर्जंट डोनर डॉग हवाय, प्लीज शेअर करा". पेशंट कुठल्या एरियात, किती वजनाचा, कुठल्या क्लिनिकला, कशाचा पत्ता नाही, सगळे हात जोडल्याचा इमोजी टाकून पुढे ढकलतात आणि डोनर घेऊन येत कोणीच नाही. त्यामुळे सगळ्यात आधी हे सांगतो की डोनर शोधायचं काम आपला प्राणी धडधाकट असतानाच करून ठेवायचं.

रक्त लागायची वेळ आपल्याकडे बहुतेक गोचिडांमुळे येते. तळजाईला, वेताळ टेकडीला किंवा पाषाणला फिरवून आणलं की कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली हात फिरवून बघायचंच, कारण गोचीड चावला की बबेसिया किंवा एर्लिकिया होऊ शकतो, यालाच सगळे टिक फिव्हर म्हणतात. बबेसिया लाल पेशी फोडतो, मग लघवी चहासारखी गडद होते आणि एर्लिकियात प्लेटलेट्स पडतात, कधी नाकातून रक्त येतं. याशिवाय अॅक्सिडेंट आहे, उंदराचं औषध खाणं आहे (यात रक्त गोठतच नाही, सोबत व्हिटॅमिन के वन द्यावं लागतं), पिल्लांना पिसवा जास्त झाल्या तरी रक्त कमी होतं. आणि मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कृपा करून देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

घरी काय बघायचं तर हिरड्या. गुलाबी असायला हव्यात, पांढऱ्या किंवा पिवळट दिसल्या तर उद्यावर टाकायचं नाही. ज्या कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. डॉक्टर पीसीव्ही काढतात, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के ते. कुत्र्याचा साधारण 37 ते 55 असतो, मांजराचा 25 ते 45. पण नुसत्या आकड्यावर रक्त चढवायचं ठरत नाही हां, हळूहळू कमी झालेलं असेल तर कुत्रा 15 वर पण शेपूट हलवत असतो आणि अॅक्सिडेंटमध्ये भसकन रक्त गेलं तर 20 ला पण कोसळतो. म्हणून "अमक्याच्या डॉगला नाही चढवलं" असली चर्चा डॉक्टरांसमोर नको.

आता ब्लड ग्रुप. कुत्र्यांचे ग्रुप बरेच आहेत पण डॉक्टरांना मुख्य काळजी त्यातल्या डीईए वन नावाच्या ग्रुपची, तो पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. कुत्र्याच्या अंगात दुसऱ्या ग्रुपविरुद्ध त्रास देणाऱ्या अँटिबॉडीज सहसा आधीपासून नसतात, म्हणून जीवावर बेतलं असेल तर पहिल्यांदा टायपिंग (म्हणजे ग्रुप तपासणं) न करताही रक्त देतात आणि बहुतेकदा निभावतं. दुसऱ्यांदा मात्र क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांशी जुळतं का ही टेस्ट, पाहिजेच, कारण चार-पाच दिवसांत शरीर त्या रक्ताविरुद्ध तयारी करायला लागतं.

मांजराचं गणितच वेगळं. ए, बी आणि क्वचित एबी असे ग्रुप, आणि अँटिबॉडीज जन्मजात. बी ग्रुपच्या मांजराला ए चं रक्त गेलं तर थोड्याशा रक्तानेही मरू शकतं. आपली देशी मांजरं बहुतेक ए असतात, पण "बहुतेक" वर चान्स घ्यायचा नाही, ब्रिटिश शॉर्टहेअर किंवा पर्शियन असेल तर नाहीच नाही. मी तर म्हणेन की नसबंदीसाठी नेताय तेव्हाच, ब्लड टेस्ट होणारच असते, त्यात ग्रुप पण काढून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

डोनर कसा हवा? कुत्रा 25 किलोच्या आसपास किंवा वर, वय 1 ते 8, व्हॅक्सिन आणि जंताचं औषध वेळेवर झालेलं, अंगावर गोचीड नाही, स्वतःला कधी रक्त चढवलेलं नाही, मादी गाभण नको. लॅब, शेफर्ड चालतात, दांडगा इंडी म्हणजे आपला देशी कुत्रा असेल तर झकासच. मांजर साडेचार किलोच्या वर, घरातच राहणारं, एफआयव्ही आणि फेल्व्ह (मांजरांमधले दोन व्हायरस) निगेटिव्ह. डोनर दिसायला कितीही टुणटुणीत असला तरी त्याची टिक फिव्हरची टेस्ट करायचीच, नाहीतर एकाचा आजार दुसऱ्याला भरून द्याल. या टेस्टचा खर्च पेशंटवाल्यांनी करायचा, रक्ताचे पैसे मात्र द्यायचे नाहीत आणि घ्यायचे पण नाहीत. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 2025 मध्ये काढलेल्या गाइडलाइन्समध्येही दान ऐच्छिक आणि बिनमोबदलाच ठेवलंय.

मेसेज असा टाका: "लॅब, 28 किलो, टिक फिव्हर, पीसीव्ही 12, क्लिनिक कर्वेनगर, डोनर 25 किलो प्लस, आज रात्री 8 पर्यंत, न्यायला-सोडायला गाडी पाठवतो." फोन नंबर आणि तारीख टाका, डोनर मिळाला की "मिळाला" असं तिथेच लिहा, नाहीतर तोच मेसेज दिवाळीपर्यंत फिरत राहतो. आणि आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा की ते स्वतः चढवतात का, नसतील तर कोणाकडे पाठवतात, रात्री कोण उघडं असतं. हडपसरहून संध्याकाळी बाणेरला जायला किती वेळ लागतो ते वेगळं सांगायला नको, त्यामुळे जवळचा डोनर सोन्यासारखा. सोसायटीत किंवा रोजच्या फिरायच्या वाटेवर दोन-तीन मोठे कुत्रे हेरून त्यांच्या घरच्यांशी आत्ताच बोलून ठेवा.

क्रॉसमॅचला दोघांचं थोडं रक्त जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये घेतात. डोनर शांत असेल तर कुत्र्याला भूल लागत नाही, मानेवरचे केस काढून तिथल्या मोठ्या शिरेतून घेतात, बॅग टेबलाच्या खाली वजनकाट्यावर ठेवून कोणीतरी सारखी हलवत असतं म्हणजे आतलं न गोठायचं औषध नीट मिसळतं. मांजराला सहसा गुंगी देतात, म्हणून उपाशी पोटी न्यायचं, आणि घेतात तेही 40-50 मिलीच. नंतर डोनरला पाणी, खाणं, त्या दिवशी पळापळ बंद, आणि गळ्यात पट्टा नको, हार्नेस घाला.

पेशंटला चढवताना पहिला अर्धा तास अगदी थेंब थेंब सोडतात आणि चार तासांच्या आत बॅग संपवतात. तुम्ही शेजारी बसला असाल तर मोबाइल बाजूला ठेवून बघत राहा: तोंड सुजलं, अंगावर गांध्या आल्या, उलटी झाली, धाप लागली, थरथर सुटली किंवा लघवी लाल झाली तर लगेच हाक मारा, डॉक्टर थांबवतील. त्याच नळीतून रिंगर लॅक्टेट नावाचं सलाइन देत नाहीत, त्यातल्या कॅल्शियममुळे रक्त गोठतं.

डिस्चार्ज घेताना तारीख, किती मिली, डोनरचा ग्रुप, क्रॉसमॅच झालं होतं का हे फाइलमध्ये लिहून घ्या, पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. गोळ्या पूर्ण करा, कारण रक्त चढवून टिक फिव्हर जात नाही, आणि पीसीव्ही डॉक्टर सांगतील त्या दिवशी परत काढा, कुत्रा जेवायला लागला म्हणून टाळू नका.