सिगसीला पेपर पाठवताय? आधी ट्रॅक ठरवा

कम्प्युटिंग शिकवण्यावरचा पेपर एसीएम या कम्प्युटिंगवाल्यांच्या संघटनेच्या सिगसी टेक्निकल सिम्पोझियमला, म्हणजे कम्प्युटिंग शिक्षणावरच्या परिषदेला, पाठवायचा असेल तर लिहायला बसायच्या आधी ट्रॅक, म्हणजे पेपर कुठल्या प्रकारात पाठवायचा ते, ठरवा, कारण रिसर्च पेपरला रिसर्च क्वेश्चन, डेटा, मेथड सगळं नीट लागतं, पण वर्गात काहीतरी नवीन करून बघितलं आणि काय जमलं काय फसलं ते सांगायचंय तर एक्सपीरियन्स रिपोर्ट हीच बरोबर जागा. त्याला कमी समजू नका, आपल्याकडे ७०-७० पोरांची प्रॅक्टिकलची बॅच सांभाळणाऱ्या मॅडमकडे सांगण्यासारखं खूप असतं!

आता नावं लपवण्याचं बघा. रिव्ह्यूअरला तुमचं नाव कळता कामा नये, म्हणजे नुसतं पहिल्या पानावरचं नाव काढून भागत नाही. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधे नाव असतं, गिटहबच्या लिंकमधे असतं, आणि "आमच्या मागच्या पेपरमधे" असं लिहिलं की संपलंच. माझ्या एका पेपरमधे स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात कॉलेजचा लोगो राहिला होता, शेवटच्या रात्री दिसला म्हणून वाचलो.

ॲबस्ट्रॅक्टची (पेपरच्या थोडक्यात सारांशाची) तारीख फुल पेपरच्या आधी असते, ती चुकली की पुढचं दार बंद. डेडलाइनला एओई (एनीव्हेअर ऑन अर्थ, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू असेपर्यंत) लिहिलेलं असेल तर रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९, पण त्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशीच एक व्हर्जन अपलोड करून टाका, डेडलाइनपर्यंत बदलता येतं.

पोरांचे मार्क किंवा सर्व्हे वापरणार असाल तर एथिक्स कमिटीची परवानगी डेटा गोळा करायच्या आधीच घ्या.