आकाशातला तो दिवा उपग्रह होता का? असं तपासा

लाल-हिरवा लुकलुकत असेल तर विमान. पुढे वाचू नका. जळत, तुकडे होत गेला असेल तर रॉकेटचा अवशेष. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी तसा एक विदर्भावरून गेला आणि सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं पडलं. रोज त्याच सुमारास दिसून सावकाश मावळत असेल तर आधी ग्रह बघा. लडाखमध्ये ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात जवानांनी असे ३२९ दिवे नोंदवले, चिनी ड्रोनचा संशय होता. खगोलशास्त्रज्ञांनी तपासलं, तर गुरू आणि शुक्र निघाले!

चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडणारा संथ ठिपका उरला, तर दिशा आणि उंची लिहून घ्या. ताणलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण १० अंश. 'नारळाच्या वर' चालणार नाही.

आता वेळ. सगळा घोळ इथे होतो. एका व्हिडिओपायी माझा अख्खा रविवार गेला. पाठवणारा म्हणाला साडेसात, आणि स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या वेळेला आकाश रिकामं. शेवटी मूळ फाइल मागवली, तिच्यावर ७:०८. साडेसात ही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकल्याची वेळ होती. त्यामुळे फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओवर मी आता वेळ घालवतच नाही. मिनिटभरात उपग्रह साडेचारशे किलोमीटर पुढे जातो, म्हणून 'सातच्या सुमारास' ऐकून कुणी छातीठोक उत्तर दिलं तर ते थाप समजा.

शिवाय सॉफ्टवेअरला लागणारे उपग्रहाच्या कक्षेचे आकडे जागतिक वेळेत असतात. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा. पहाटे साडेपाचच्या आधीचं दृश्य असेल तर तारीखही एक दिवस मागे जाते. आकडे त्याच दिवसाचे हवेत. स्टारलिंक हे इंटरनेट पुरवणारे उपग्रह; नवे सोडल्यावर आपली कक्षा उंचावत जातात, आठवड्यापूर्वीचे आकडे त्यांना लागू पडत नाहीत. जुन्या तारखांचे आकडे स्पेस-ट्रॅक या संकेतस्थळावर खातं उघडलं की फुकट मिळतात.

एवढं जुळलं की ठिपका कुठे विझला ते विचारा. लोक म्हणतात, 'मध्येच कुणी बटण बंद केलं.' ती पृथ्वीची सावली. सॉफ्टवेअरमध्ये त्याच ताऱ्यापाशी उपग्रह सावलीत शिरत असेल, तर मला आणखी पुरावा लागत नाही.

नाहीच जुळलं तर 'माहिती अपुरी' असं लिहून फाइल ठेवून द्या. पेंटागॉनच्या, आकाशातल्या अनोळखी वस्तूंच्या नोंदी तपासणाऱ्या 'आरो' कार्यालयाने २०२४ च्या अहवालात काही दिवे स्टारलिंकच्या खाती टाकले, पण ७५७ पैकी ४४४ नोंदी अशाच बाजूला ठेवल्या.